कापडी कुत्र्याची नाडी

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरना सगळे नाडीकाका म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं.

माणूस वाईट नव्हता, पण संशयी भारी. दूधवाल्याने हसून दूध घातलं, की आज पाणी जास्त असणार. शेजाऱ्याने तब्येत विचारली, की याला शिडी हवी असणार. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की परत येऊन चौथ्यांदा. बायको म्हणायची, "त्या कुलपालाच एक दिवस वाईट वाटेल आणि ते आपणहून उघडेल."

जगात एकाच गोष्टीवर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता. ती म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं. कुत्रं असो की मांजर, मागच्या मांडीच्या आत, जिथे कातडी मऊ असते, तिथे ती दोन बोटं टेकवली की नाडी सापडलीच. दवाखान्यातले जुने डॉक्टर तर म्हणायचे, "यंत्र राहू दे बाजूला, काकांना हाक मारा." सत्तावीस वर्षं हेच चाललं. लोक दारातूनच विचारायचे, "काका आहेत ना?" डॉक्टर आहेत का ते मागाहून.

मग जुन्या डॉक्टरांचे गुडघे गेले. ते लेकीकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, चालायच्या भराभरा, बोलायच्या थोडं. पहिल्या आठवड्यात त्यांनी दवाखान्यातली एक बाटलीसुद्धा इकडची तिकडे केली नाही. नाडीकाकांना तिथेच पहिला संशय आला. नवीन आलेलं माणूस काहीच हलवत नाही म्हणजे मोठं काहीतरी हलवायच्या बेतात असतं.

दुसऱ्या आठवड्यात टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला. कुत्र्यामांजराचं हृदय बंद पडलं तर काय करायचं, ते त्यावर चित्रांसकट होतं. कुशीवर झोपवा. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबा. छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खोल दाबा आणि दर वेळी पुरती सोडा. मांजर असेल तर एका हाताच्या मुठीत छाती धरून दाबा. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. हे सगळं ठीक होतं. पण सगळ्यात वर, जाड अक्षरांत होतं: हाकेला हलत नाही आणि श्वास नाही, तर लगेच दाबायला लागा. नाडी शोधत बसू नका.

काकांनी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्या खेपेला त्यांना त्यात स्वतःचंच नाव दिसायला लागलं.

"हे कुणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कशाने जनावरं वाचली, कशाने नाही, याच्या मिळतील तेवढ्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि मग लिहिलं. जिथे पुरावा कच्चा आहे तिथे कच्चा आहे असंही सांगितलंय."

"आणि नाडी चालू असताना उगाच दाबलं तर?"

"तर बहुतेक काही बिघडत नाही. बंद असताना नाही दाबलं, तर मात्र सगळंच बिघडतं."

"ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी माझी बोटं बघितली होती का?"

बाई हसल्या. "नाही बघितली, काका." आणि हसल्या म्हणून काकांचा संशय आणखी वाढला.

त्यानंतर एक कापडी कुत्रा आला. तपकिरी, खऱ्या कुत्र्याएवढा, चेहरा एकदम बावळट. रोज दुपारी गर्दी ओसरली की त्याला टेबलावर आडवं करायचं, बाईंच्या फोनवर टिकटिक लावायची आणि त्या तालावर दाबायचं. काका दाबायचे, मग फोनवाली दाबायची. ही फोनवाली म्हणजे दारात बसून फोन घेणारी आणि नंबर लावणारी मुलगी. मांजराने जांभई दिली तरी मागे सरकणारी. शेवटी बाई स्वतः दाबायच्या. आणि प्रत्येकाच्या नंतर त्या एका लाल वहीत काहीतरी लिहायच्या.

ती लाल वही काकांच्या घशात अडकली. लिहून झालं की बाई ती टेबलाच्या खणात टाकायच्या. खणाला कुलूपही नव्हतं. हे तर फारच झालं. बिनकुलपाच्या खणात माणूस काय ठेवतो? दुसऱ्याने बघावं असं वाटतं ते. म्हणजे हा सापळाच. काका त्या खणाच्या वाऱ्यालासुद्धा उभे राहिले नाहीत.

घरी बायकोला म्हणाले, "मला काढायचा बेत आहे. वहीत माझ्या चुका जमवतेय. म्हातारा झाला, दाबताना हात कापतो, असं लिहून वर पाठवेल."

"हात कापतो का पण?"

"तसं नाही."

"मग विचारा की तिला, काय लिहितेस म्हणून."

"विचारलं तर खरं सांगेल कशावरून?"

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "सत्तावीस वर्षं परक्यांच्या कुत्र्यांची नाडी बघताय. ज्या दिवशी माणसांची बघाल ना, त्या दिवशी मला उठवा."

दुसऱ्या दिवशी सरावाला बाई म्हणाल्या, "काका, आज पहिल्यापासून करू. समजा हा आत्ता तुमच्यासमोर पडला. काय कराल?"

काकांचा हात सवयीने गेला तो मागच्या मांडीकडे. दोन बोटं कापडावर नीट रोवली, डोळे मिटले. आणि त्यांना नाडी लागली.

टुक, टुक, टुक. बारीक, पण स्वच्छ.

त्यांनी हात असा उचलला, जसा तापलेल्या तव्यावरून उचलतात. बाई घड्याळाकडे बघत होत्या. "एकेचाळीस सेकंद गेले, काका," त्या म्हणाल्या आणि लाल वहीत लिहिलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते त्या बावळट चेहऱ्याकडे बघत होते.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भास झाला. पण हे नाडीकाका. त्यांच्या मनात आलं, बाईने याच्या पोटात काहीतरी बसवलंय. यंत्र. सेलवर चालणारं. माझी परीक्षा बघायला.

दुपारी बाई जेवायला गेल्या आणि फोनवाली डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली. काकांनी ड्रेसिंगची कात्री घेतली, कुत्र्याला उलटा केला आणि शिवणीच्या कडेने पोट सरळ उघडलं. कापूस निघाला. मांडीत हात घातला, कापूस. छातीत घातला, कापूस. मानेपर्यंत पोहोचताना कोपर आत गेलं, तरी कापूसच. टेबलावर ढीग झाला, काकांच्या मिशीला कापूस लागला, पण सेल नाही, तार नाही, काही नाही.

मग कापडात ठोकत कोण होतं?

त्यांनी ती दोन बोटं लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवली. हलकी ठेवली तेव्हा टेबल गप्प होतं. जोर दिला तशी टेबलाला नाडी आली. टुक, टुक, टुक. भिंतीला लावली, भिंतीलाही आली.

काका स्टुलावर बसले. दाबलेल्या बोटाच्या टोकाला आपलंच रक्त ठोकतं, एवढी साधी गोष्ट. सत्तावीस वर्षं त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला होता, तेवढी दोन बोटं सोडून.

पण बसायला वेळ नव्हता. कापूस कोंबला, कुत्रा पिशवीत घातला आणि समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानात गेले.

शिंपीणबाईंनी कुत्र्याकडे बघितलं, मग काकांच्या मिशीकडे. "याचं काय झालं?"

"उसवला आपोआप."

"आपोआप? ही कात्रीची रेघ आहे, काका. माझा जन्म गेला कात्रीत."

"शिवता का?"

"मशीनमध्ये निळा दोरा आहे. तपकिरी संपलाय."

"चालेल. पोटाला कोण बघतंय."

मशीन खडखडलं. शिवता शिवता त्या म्हणाल्या, "बुधवारी आमच्या मनीचं ऑपरेशन ठेवलंय. तीनदा पिल्लं झाली, आता पुरे म्हटलं. तुम्ही असाल ना जवळ?"

"असेन."

"मग मला घोर नाही. ती नवीन बाई शिकलेली असेल, पण मी तिला कुठे ओळखते? तुमच्या बोटांना ओळखते. पोस्टमनचा कुत्रा गेला तेव्हा तोच सांगत होता, काकांनी शेवटपर्यंत बोट सोडलं नाही म्हणून."

काकांनी कुत्रा उचलला आणि अर्धा टाका बाकी असतानाच चालू लागले.

पोस्टमनचा कुत्रा. आठ वर्षं झाली होती त्याला. काळा, पांढऱ्या पायांचा, पोस्टमनच्या मागे घरोघर फिरणारा. दवाखान्याच्या उंबऱ्यावरच कोसळला होता. काका धावले, बोटं टेकवली आणि म्हणाले, "आहे, साहेब. बारीक आहे, पण आहे." नाडी आहे म्हटल्यावर जुने डॉक्टर छाती कशाला दाबतील? ते सुई भरत राहिले, सलाईन शोधत राहिले आणि मधून मधून विचारत राहिले, "आहे?" काका म्हणत राहिले, "आहे." असं तीन मिनिटं. मग डॉक्टरांनी छाती तपासायची नळी कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली. पोस्टमन काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. तेव्हापासून रस्त्यात काका दिसले की सायकलवरून उतरायचा.

बुधवारपर्यंत काका घरी धड जेवले नाहीत. बायकोला वाटलं, वहीचंच काहीतरी. एकदा तिने पाहिलं, तर नवरा पाण्याच्या माठाला दोन बोटं लावून उभा.

"माठाला ताप आहे का?" तिने विचारलं.

"नाडी बघतोय."

"लागली?"

"लागली."

एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडावर तिला एवढी भीती दिसली नव्हती.

बुधवारी सकाळी शिंपीणबाई टोपलीतून मनीला घेऊन आल्या. करडी, गुबगुबीत, सगळ्यांवर रागावलेली. टोपली काकांच्या हातात देताना त्या म्हणाल्या, "बोट सोडू नका हं." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

मनीला भूल दिली, घशात नळी घातली. टेबलाशेजारी ठोके मोजून त्यांची रेघ काढणारं एक छोटं यंत्र होतं, त्याचा चिमटा जिभेला लावला. हा चिमटा मोठा लबाड. दहादा निसटायचा आणि दहादा उगाच धावपळ करवायचा. बाईंनी पोटाला छोटीशी चीर दिली. काका मागच्या पायांशी उभे होते. फोनवाली दारात, एक पाय आत, एक बाहेर.

यंत्र गप्प झालं.

"चिमटा बघा, काका."

काकांनी चिमटा पुन्हा लावला. यंत्र गप्पच. त्यांनी मनीच्या छातीकडे बघितलं. ती हलत नव्हती. बाईंनी भुलीचा गॅस बंद केला, चिरेवर कापड दाबलं आणि त्यांच्याही तोंडून जुन्या डॉक्टरांसारखंच निघालं, "नाडी?"

काकांची बोटं तोवर मांडीत पोहोचलीच होती. आणि नाडी होती. ठणठणीत होती. "आहे" हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. बाहेर बाकावर शिंपीणबाई बसल्या होत्या, सत्तावीस वर्षांचं नाव या दोन बोटांवर बसलं होतं. एकदा "आहे" म्हटलं की सगळे थांबणार होते, जसे मागे थांबले होते.

काकांनी बोटं जराशी सैल केली. ठोका गेला. दाबली. ठोका आला.

"लागतेय," ते म्हणाले, "पण ती मांजराची नाही. माझी आहे. मी दाबतो."

बाईंनी एकच क्षण त्यांच्याकडे बघितलं. "दाबा."

मनीला कुशीवर वळवलं. काकांनी तिच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे छाती एका हातात धरली, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि दाबायला लागले. फोनवाली दारातून आत आली, टिकटिक लावली आणि घड्याळ बघत उभी राहिली. बाई घशातल्या नळीला लावलेली हवेची पिशवी दर सहा सेकंदांनी दाबून श्वास देत होत्या आणि मधल्या वेळात सुया भरत होत्या.

"पुरती सोडा, काका. छाती वर येऊ द्या."

काका सोडत होते. कणीक तिंबताना तळवा उचलला नाही तर गोळा पुन्हा वर येत नाही, तसंच हे. दाबणं जेवढं खरं, सोडणंही तेवढंच खरं.

"दोन मिनिटं," फोनवाली म्हणाली.

"बदला," बाई म्हणाल्या.

"मी दमलो नाही."

"दमलेलं कळत नाही, म्हणूनच बदलायचं. हिला द्या."

इथे काकांच्या मनात तो जुना किडा वळवळला. हीच वेळ साधून मला बाजूला करतेय. जांभईला घाबरणाऱ्या पोरीच्या हातात देतेय. पण त्याच आठवड्यात ते दोन बोटांकडून फसले होते. हात दमला नाही असं हातच सांगत असेल, तर त्या हातावर तरी किती विश्वास ठेवायचा? ते बाजूला झाले.

मधल्या क्षणात बाईंनी यंत्रावरची रेघ बघितली. सपाट. फोनवालीने मनीची छाती धरली आणि पहिल्या दाबापासून काकांच्या लक्षात आलं, ही आपल्यापेक्षा खोल दाबतेय. म्हणजे शेवटी शेवटी आपला हात वरवरच चालला होता. आपल्याला पत्ताही नव्हता.

बाईंनी औषध दिलं, भूल उतरवायची सुई दिली. पुन्हा बदल झाला, पुन्हा काका. पिशवी, टिकटिक, पिशवी. मग बदलाच्या वेळी रेघेने एक उडी घेतली. आणि एक. बाईंनी तपासायची नळी कानाला लावली, मनीच्या छातीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"आहे," त्या म्हणाल्या आणि नळी काकांच्या कानाला लावली. "तुम्हीही ऐका."

काकांनी ऐकलं. मग नळी काढून, पुसून, पुन्हा लावून ऐकलं. मग स्वतःच्या छातीवर ठेवून ऐकलं, ताल वेगळा आहे ना म्हणून. वेगळा होता. मनीचा बराच घाईचा होता. थोड्या वेळाने तिने घशातल्या नळीशी झटापट करत स्वतःचा श्वास ओढला आणि फोनवाली खाली फरशीवर जाऊन बसली.

चीर शिवून टाकली. बाकीचं ऑपरेशन पुढे कधीतरी. बाईंनी बाहेर येऊन शिंपीणबाईंना सगळं सांगितलं, धोका अजून टळलेला नाही हेही सांगितलं. शिंपीणबाईंनी काकांचा हात धरला. "तुमची बोटं होती म्हणून."

"बोटं खोटं बोलली, बाई," काका म्हणाले. "आज ऐकलं नाही त्यांचं, म्हणून."

शिंपीणबाईंना काही ते कळलं नाही. त्यांनी हात सोडलाही नाही.

दुपारी मनी टोपलीत डोळे किलकिले करून गुरगुरत पडली होती. बाईंनी लाल वही काढली. काका टेबलाशी आले. "काय लिहिता त्यात?"

बाईंनी वही त्यांच्याकडे फिरवली. "खणातच तर असते. मला वाटलं, तुम्ही रोज वाचताय."

उघड्या पानावर काकाच होते. ताल चांगला. छाती पुरती सोडत नाहीत. नाडी शोधण्यात एकेचाळीस सेकंद. म्हणजे चुका जमवल्या होत्या हे खरंच होतं. खाली फोनवालीच्या चुका होत्या. त्याखाली 'मी' असं लिहून बाईंनी स्वतःच्या लिहिल्या होत्या, आणि त्या तर सगळ्यांत जास्त होत्या. पुढच्या पानावर एकच ओळ: कुत्र्याच्या पोटाला निळी शिवण. कुणी? का?

"ते मी," काका म्हणाले. मग स्टूल ओढून बसले आणि कापसापासून पोस्टमनच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. तीन मिनिटांचंही.

बाई ऐकत राहिल्या. "दाबलं असतं तर वाचला असता, असं मी नाही म्हणणार, काका. असं अचानक थांबलेलं हृदय फार कमी वेळा परत येतं."

"पण दाबलं नाही."

"नाही दाबलं."

त्या खोटी समजूत घालत नाहीत, हे काकांना बरं वाटलं. "वहीत लिहा ते," ते म्हणाले.

"तारीख आठवते?"

आठवत होती. बाईंनी लिहिलं. मग काकांनी कापडी कुत्रा उचलला. "हा आज घेऊन जाऊ का? उद्या आणतो."

"कुठे?"

"ज्याने आठ वर्षं उपकार मानले, त्याच्याकडे."

पोस्टमन आता निवृत्त झाला होता. दार त्यानेच उघडलं, काकांना बघून चेहरा उजळला आणि मग काखेतल्या कुत्र्यावर नजर गेली. "काका, हा कोण?"

"आत घे आधी."

काकांनी कुत्रा त्याच्या टेबलावर आडवा ठेवला, निळी शिवण खाली करून. पोस्टमनची दोन बोटं धरली, मागच्या मांडीवर नेली. "दाब. अजून दाब. आता डोळे मीट आणि सांग, काही लागतंय का."

पोस्टमन हसत होता. मग त्याचं हसणं हळूहळू थांबलं.

"लागतंय, काका," तो म्हणाला. "ठोके लागतायत."

नाडीकाका त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. कुलपासारखं पुन्हा ओढून बघावं असं काही उरलं नव्हतं.

"मलाही लागले होते," ते म्हणाले.